‘सोल्यूशन द्या’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस जवळ आला की सोलापुरात दुरुस्तीची कामे एकदम निघतात. गच्चीवरचा गळका पाइप, उघडलेला चपलेचा तळ, फुगलेली दाराची पट्टी, आणि शाळा उघडायच्या आत वह्या-पुस्तकांची कव्हरे. यातल्या प्रत्येक कामाला चिकटवणारे काहीतरी लागते, पण काउंटरवर मागणी येते ती ठरावीक तीन शब्दांत. गम द्या, फेव्हिकॉल द्या, सोल्यूशन द्या. घाईच्या वेळी दुकानदारही पुढे काही विचारत नाही आणि हाताला येईल ती ट्यूब देतो. महिनाभरात जोड सुटला की बोल कंपनीला नाहीतर कारागिराला लागतो. अशा बहुतेक वेळी माल खराब नसतो, त्या कामाचा नसतो. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत जास्त घोटाळा ‘सोल्यूशन’ या शब्दाने होतो. पंक्चरवाल्याचे, चप्पल दुरुस्त करणाऱ्याचे आणि प्लंबरचे सोल्यूशन या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पंक्चरचे सोल्यूशन म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेले रबर. चपलेचे सोल्यूशन बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचे असते, टोल्युइनसारख्या द्रावकात कालवलेले. प्लंबरच्या डब्यात रबराचा अंशही नसतो. त्यात पीव्हीसीच, म्हणजे ज्या प्लॅस्टिकचा पाइप असतो तेच, विरघळवलेले असते आणि त्यातले द्रावक पाइपचा पृष्ठभागही मऊ करते, त्यामुळे पाइप आणि सॉकेट एकमेकांत मुरून एकजीव होतात. डब्यावर ‘सॉल्व्हंट सिमेंट’ असे छापलेले असते. त्याचा बांधकामाच्या सिमेंटशी काही संबंध नाही. सांधणाऱ्या पुष्कळ द्रव्यांना इंग्रजीत सिमेंटच म्हणतात, दाताचे डॉक्टर वापरतात तेही त्यातलेच. पंक्चरचे सोल्यूशन पाइपला लावले तर ते वर नुसते रबराच्या सालीसारखे बसते आणि पाण्याचा दाब आला की सुटते. प्लंबरचे सोल्यूशन सायकलच्या ट्यूबला लावले तर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि ट्यूब ताणली की तडकतो.

पाइपचा जोड आपल्या शहरात जरा जास्तच जपून करावा लागतो, कारण इथे नळाला रोज पाणी येत नाही. पाणी यायच्या दिवशी सकाळी घाईघाईने जोड मारायचा आणि तासाभरात कॉक सोडायचा, हे सर्रास चालते. जोडाला पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास द्यावेत. म्हणजे काम पाणी येऊन गेल्यावर लगेच काढावे, पुढची पाळी यायच्या तोंडावर नको. पाइप काटकोनात कापावा आणि कापताना कडेला आतबाहेर राहिलेली कूस, म्हणजे बारीक काटे, कानसीने काढावी, नाहीतर तीच कूस सॉकेटमध्ये शिरताना लावलेले सिमेंट खरवडून पुढे ढकलते. कोरडाच पाइप सॉकेटमध्ये घालून बघावा. तो हाताने एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडला पाहिजे. सैल जात असेल तर सिमेंट कितीही थापले तरी जोड धरत नाही. मग दोन्ही भाग पुसून पूर्ण कोरडे करून पाइपला एकसारखा थर द्यावा आणि सॉकेटच्या आत त्याहून पातळ. आत जास्त लावले तर ते पाइपमध्ये साचते, पाइप आतून मऊ होतो आणि भोकही अरुंद होते. पाइप पाव फेरा फिरवत तळापर्यंत दाबावा आणि निदान ३० सेकंद तसाच धरून ठेवावा. हे धरून ठेवणे महत्त्वाचे आहे. सॉकेट आत निमुळते असते आणि ओला जोड सोडला की पाइप आपोआप बाहेर सरकतो. बाहेरून दिसायला जोड ठीक, पण आत पकड सुटलेली, असे होते ते यामुळेच.

मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पाइप हात लावू देत नाही इतका तापतो. तेव्हा सिमेंट लावून पाइप आत घालेपर्यंतच द्रावक उडून जाते. असे काम सकाळी सहा-सातलाच उरकावे, नाहीतर पाइप सावलीत निववून घ्यावा. गरम पाण्याच्या क्रीम रंगाच्या सीपीव्हीसी पाइपला सीपीव्हीसीचेच सिमेंट लागते. डब्यातले सिमेंट चीक धरून जेलीसारखे झाले असेल तर थिनर घालून पातळ करू नये. तो डबा टाकून द्यावा. आट्याच्या जोडाला हे सिमेंट लावायचेच नसते, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची, तीही आटा फिरतो त्याच दिशेने.

चपलेच्या सोल्यूशनची रीत याच्या उलट आहे. ते दोन्ही बाजूंना पातळ लावायचे आणि वाळू द्यायचे. डब्यावर १० ते १५ मिनिटे लिहिलेले असते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांतच ते वाळते, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवावा. बोटाची पाठ टेकवली तर लेप बोटाला लागू नये, पण दोन लेप एकमेकांना टेकताच धरले पाहिजेत. ओले असताना दाबले तर आत अडकलेल्या द्रावकाचे फुगे राहतात आणि तळ दोन दिवसांत उघडतो. एकदा टेकवले की सरकवता येत नाही, त्यामुळे टाचेकडून सुरुवात करून पुढे दाबत जावे आणि शेवटी हातोडीने ठोकावे. आता एक अडचण अशी आहे की बाजारातल्या बऱ्याच चपलांचे तळ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि निओप्रीनचा लेप नासवते. अशा तळाला पॉलियुरेथेनचे, म्हणजे कारागीर ज्याला ‘पीयू’ म्हणतात ते सोल्यूशन लागते. ते लावून, वाळवून, गरम करून दाबतात. हे न विचारता ट्यूब घेतली तर तोच तळ पावसाळ्यात पुन्हा हातात येतो.

पंक्चरच्या ट्यूबलाही आधी काचकागदाने घासून चमक घालवावी लागते. सोल्यूशन पातळ लावून वाळू द्यायचे आणि मग ठिगळ दाबायचे. घासणे टाळले की ठिगळ कडेने सुटते.

चिकटवणारी कोणतीही वस्तू आधी ओली किंवा पातळ असते आणि मग घट्ट होते. ती कशाने घट्ट होते, एवढा एक प्रश्न विचारला तर निम्मी निवड तिथेच होते. पांढरा फेव्हिकॉल, डिंक आणि खळ यांतले पाणी जाते. सोल्यूशनांतले द्रावक उडते. फेविक्विक आणि सिलिकॉन हवेतला किंवा पृष्ठभागावरचा ओलावा घेऊन घट्ट होतात. अॅराल्डाइट आणि एम-सीलमध्ये दोन भाग मिसळल्यावर रासायनिक क्रिया होते. ग्लू गनची कांडी वितळते आणि निवली की बसते. पाणी जायला वाटच नसेल, जसे दोन काचांच्या मध्ये, तिथे पांढरा फेव्हिकॉल आठवडाभर ओलाच राहील. लाकूड आणि कागद पाणी शोषतात, म्हणून तिथे तो उत्तम.

लाकडाच्या कामात पांढरा फेव्हिकॉल लावून जोड नुसता टेकवून ठेवला तर तो धरतो, पण कच्चा धरतो. शिकंज्याने आवळल्यावर कडेने गोंदाची बारीक ओळ बाहेर आली पाहिजे. नाही आली तर गोंद कमी पडला. चार-सहा तास आवळून ठेवावे आणि २४ तास त्यावर भार देऊ नये. पाणी घालून वाढवलेला गोंद स्वस्त पडतो, पण वाळल्यावर त्यातला घन भाग कमी उरतो आणि जोड पोकळ राहतो. न्हाणीघराच्या दाराला साधा चालत नाही. पाण्याने तो पुन्हा मऊ होतो, तिथे वॉटरप्रूफ म्हणून येणारा प्रकारच घ्यावा.

फेविक्विकसारख्या झटपट गोंदाबद्दल सोलापूरकरांना मुद्दाम एक धोका सांगायला हवा. या गोंदाचे रसायन सायनोॲक्रिलेट. अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या गटाला ते १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना मिळाले आणि जो तो भाग चिकटून बसतो म्हणून बाजूला टाकले गेले. बाजारात आले १९५८ मध्ये. ते सुती धाग्यावर सांडले की क्रिया फार वेगाने होते आणि उष्णता सुटते. धूर निघतो, कातडी भाजते. आपल्या गावात घरोघरी, कारखान्याकारखान्यांत टॉवेलचे तुकडे आणि सुताच्या चिंध्या हाताशी असतात, त्यामुळे सांडले की पहिला हात चिंधीकडेच जातो. तसे करू नये. सांडलेले तसेच घट्ट होऊ द्यावे आणि मग पात्याने खरवडावे, किंवा ॲसिटोनने सोडवावे. या गोंदाला हात लावताना सुती हातमोजेही नकोत. बोटे चिकटली तर ओढून वेगळी करू नयेत, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू फिरवत सोडवावीत. डोळ्यात गेले तर पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, कोमट पाण्याने धूत राहून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

याचा थेंब जितका बारीक तितका जोड पक्का. जाड थर आत ओलाच राहतो आणि कडेला पांढरी भुकटी धरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो चटकन बसत नाही, अशा वेळी चिकटवायच्या भागावर तोंडाची वाफ सोडली तरी पुरते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे बादल्या, डबे, खुर्च्या यांचे प्लॅस्टिक, त्याला हा धरत नाही. तुटलेल्या खुर्चीला तीन-तीन ट्यूबा लावून लोक हैराण होतात. त्या प्लॅस्टिकला घरगुती गोंद जवळजवळ कोणताच चालत नाही, ते वितळवून वेल्डिंगच करावे लागते.

दोन नळ्यांच्या अॅराल्डाइटमध्ये चूक होते ती प्रमाणात. एका नळीत रेझिन असते, दुसरीत हार्डनर. लवकर बसावे म्हणून हार्डनर जास्त पिळतात. हार्डनर वेग वाढवण्यासाठी नसतो, रेझिनच्या कणांना तो स्वतःच जोडत जातो. जास्त झाला की उरलेला भाग कायम चिकट राहतो. साध्या प्रकारात दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीची रेघ काढायची आणि रेघोट्या दिसेनाशा होईपर्यंत, निदान दोन मिनिटे, घोटायचे. वेग हवाच असेल तर ऊब द्यावी. ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना ही क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते, त्यामुळे थंडीत निवांत चालणारे मिश्रण मे महिन्यात वाटीतच घट्ट होते. लागेल तेवढेच कालवावे. एम-सीलचे दोन गोळे मळताना रंगाची एकही रेघ उरू देऊ नये.

डब्यांवरच्या काही इंग्रजी शब्दांचा अर्थ ग्राहकाला माहीत असायलाच हवा. ‘ओपन टाइम’ म्हणजे लावल्यापासून जोडेपर्यंत हाताशी असलेला वेळ. ‘पॉट लाइफ’ म्हणजे कालवलेले मिश्रण वाटीत किती वेळ वापरण्याजोगे राहते. ‘सेटिंग’ म्हणजे जोड हलेनासा होणे आणि ‘क्युरिंग’ म्हणजे त्याला पूर्ण ताकद येणे. या शेवटच्या दोहोंत फार अंतर असते. पाच मिनिटांत ‘सेट’ होणाऱ्या गोंदावर पाच मिनिटांनी वजन टांगले की तो निसटतो. आणि सर्वांत घातक जोडी म्हणजे ‘फ्लेमेबल’ व ‘इन्फ्लेमेबल’. ‘इन’ लागले म्हणून उलट अर्थ असेल, म्हणजे पेट घेत नसेल, असे थोडेफार इंग्रजी येणाऱ्याला सहज वाटते. दोन्हींचा अर्थ एकच आहे, झटकन पेटणारे. द्रावक असलेली सगळी सोल्यूशने या जातीची. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या गॅसच्या शेगडीपर्यंत पोचते. बंद खोलीत, देवघराच्या निरांजनाजवळ हे काम कधीही करू नये. हीच वाफ हुंगण्याचे व्यसन मुलांना लागते, म्हणून एकट्या मुलाच्या हाती सोल्यूशनची ट्यूब न देणे ही दुकानदारांची जबाबदारी आहे.

सिलिकॉन हा गोंद नाही, तो सीलंट. त्याचे काम फट बुजवणे, भार धरणे नव्हे. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार संगमरवराला डाग पाडतो आणि धातू गंजवतो, अशा जागी ‘न्यूट्रल’ लिहिलेला घ्यावा. तो बाहेरून आत दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर घट्ट होत जातो. ओल्या भिंतीला धरत नाही आणि त्यावर रंग बसत नाही. ग्लू गनची कांडी तर आपल्या उन्हाळ्याची वैरीण. बंद गाडीत डॅशबोर्डवर चिकटवलेली वस्तू दुपारपर्यंत सुटून पडते.

आता सोलापूरच्या जिव्हाळ्याचा विषय, खळ. इंग्रजीत गोंदाची म्हणून जी नावे आहेत त्यांतले ‘साइज’ हे आपल्या यंत्रमागवाल्यांच्या रोजच्या तोंडी असते, फक्त ‘सायझिंग’ या रूपात. हातमागाच्या काळात शहराच्या पूर्व भागात गल्लीत ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, पसरून कुंच्याने खळ देत, त्याला पाजणी म्हणत. आज तेच काम सायझिंगच्या यंत्रावर होते. मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, थोडे मेण किंवा मऊ करणारे द्रव्य, शिवाय पीव्हीए. खळ सुताचे उडणारे तंतू बसवते, म्हणजे मागावर घासून धागा तुटत नाही. पण तिने एक धागा दुसऱ्याला चिकटवायचा नाही आणि विणून झाल्यावर पूर्ण धुऊन निघायचे. कमी पडली तर धागे तुटतात, जास्त झाली तर ताणा ठिसूळ होऊन पुन्हा तुटतातच. नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी पाणी नीट टिपत नाही, कारण मऊ करणारे द्रव्य आणि उरलीसुरली खळ अजून त्यात असते. माल मागवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. सायझिंगचा पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनिल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारी पूड. सुताराचा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट. चिठ्ठीवर नुसते ‘पीव्हीए’ लिहिले तर घोटाळा ठरलेला.

वह्या-पुस्तकांना मात्र घरची खळच सर्वांत चांगली. एक वाटी मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहता कालवावा आणि चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत सोडावा. मंद आचेवर पांढरटपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवावे. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर पिठाचा बाहेरचा थर लगेच फुगून आतला कोरडा राहतो, गुठळ्या होतात त्या अशा. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात लहान मुले असतील तर घालू नये आणि खळ रोजची रोज ताजी करावी. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद लावला की तो वाळताना आवळतो आणि पुठ्ठा वाकतो. आतून अस्तराचा कागद लावून रात्रभर वजनाखाली ठेवले की सरळ राहतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा गोंद कधीच पूर्ण वाळत नाही, कागदात मुरतो, काही वर्षांत पिवळा डाग पडतो आणि टेप निघून जाते तरी डाग जात नाही. पातळ कागदाची पट्टी आणि खळ लावली तर पुढे कधीही पाण्याने सोडवता येते. सतार-तंबोऱ्याच्या कामात सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वापरतात तोही याच कारणाने. तो ऊब आणि ओल दिली की सुटतो, वाद्य न फोडता दुरुस्त होते. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून ६०-६५ अंशांवर, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून वितळवावा. उकळला की त्याची पकड जाते.

बाभळीचा डिंक लिफाफ्यांपुरता ठीक. एका भागाला दोन भाग पाणी घालून रात्रभर भिजवून गाळून घ्यावा. त्याहून जाड कामाला तो वाळून तडकतो.

आता मागणे. आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तूंवरची सक्तीची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावी, असे वैधमापनाचे २०११ चे नियम सांगतात आणि त्याखेरीज आणखी एखाद्या भाषेत छापायला तेच नियम मोकळीक देतात. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्यूबवर मराठीत चार ओळी याव्यात. कशाला चालते, कशाला चालत नाही, किती वेळाने जोडायचे, पूर्ण ताकद कधी येते. ‘झटकन पेटते’ हे ठळक अक्षरांत. कंपन्या ते करतील तेव्हा करतील. तोवर नवी पेठ, साखर पेठ आणि अक्कलकोट रोडच्या हार्डवेअर दुकानदारांनी काउंटरवर हीच माहिती लिहिलेला एक पुठ्ठा टांगावा आणि ट्यूब देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: काय कशाला चिकटवायचे आहे, आणि तिथे पाणी लागते का, ऊन लागते का? आयटीआयच्या प्लंबिंग आणि सुतारकामाच्या वर्गांत हे शब्द मराठीतून समजावले जावेत. ग्राहकांनीही तुटलेला तुकडा किंवा जुन्या पाइपचा वीतभर कापलेला भाग सोबत आणावा. पाइप कोणत्या जातीचा ते त्याच्या रंगावरून आणि अंगावर छापलेल्या अक्षरांवरून लगेच कळते.

कळावे,
आपला,
हार्डवेअर व्यवसायातील एक वाचक,
सोलापूर